नौदल तळाच्या फाटकावर अटक किती वाजता होते?

प्रति,
गृह विभाग, महाराष्ट्र शासन,
पश्चिम नौदल कमांडचे मुख्यालय, मुंबई,
आणि बृहन्मुंबई व नवी मुंबईचे पोलीस आयुक्त यांस,

महोदय,

सगळ्यांना मिळून एकच पत्र धाडतो आहे. वेगवेगळी पत्रं लिहिली की प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं असतं. पोलीस म्हणतात, ती हद्द नौदलाची. नौदल म्हणतं, आम्ही माणूस पोलिसांच्या हवाली केला, पुढचं त्यांना विचारा. गृह विभाग म्हणतो, संरक्षण हा केंद्राचा विषय. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी पटतात. पण तिन्ही शेजारी ठेवली की मधले काही तास असे उरतात, ज्यांत पकडलेला माणूस कुणाच्याच नोंदवहीत नसतो. हे पत्र त्या तासांबद्दल आहे.

मी किल्ला कोर्टात फौजदारी वकिली करतो. बॅलार्ड पियरपासून कुलाब्याच्या टोकापर्यंत चालत गेलं तर उजव्या-डाव्या हाताला नौदलाच्या भिंती सुटत नाहीत. टायगर गेट, लायन गेट, आयएनएस आंग्रे, पुढे शिक्रा, कुंजाली, अश्विनी रुग्णालय आणि मग सगळं नेव्ही नगर. टीआयएफआर या संशोधन संस्थेत व्याख्यान ऐकायला जाणाऱ्यालाही नेव्ही नगरातूनच जावं लागतं. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून उरणजवळच्या मोऱ्याला उतरलात तर तिकडे करंजाचा तळ आणि शस्त्रसाठा. म्हणजे रोज हजारो साधी माणसं, गोदीतले कामगार, कंत्राटदारांची पोरं, कोळी, भाजीवाले, नौदलाच्या फाटकांपाशी असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला आत अडवलं, झडती घेतली, बसवून ठेवलं, तर ते कुठल्या कायद्याने, कुणाच्या सहीने आणि किती वेळ, याचं सरळ उत्तर फाटकावरच्या संत्र्यालाही देता येत नाही आणि ठाणे अंमलदारालाही नाही.

आधी एक गैरसमज बाजूला काढतो, कारण तो दोन्ही खात्यांत सारखाच रुजलेला आहे. नौदलाचा तळ म्हणजे परदेशी वकिलात नव्हे. लायन गेटच्या आतली जमीन कुठल्या तरी पोलीस ठाण्याच्या हद्दीतच येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३५ मधला विनावॉरंट अटकेचा अधिकार, कलम १०३ मधली बंद जागेच्या झडतीची रीत, कलम १८५ मधला तपासी अधिकाऱ्याचा झडतीचा अधिकार, यांपैकी कशातही ‘लष्करी जागा वगळून’ असे शब्द नाहीत. उलट १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम पाहा. गोदी, शस्त्रागार, युद्धनौका यांना ‘निषिद्ध स्थान’ ठरवणारा हाच कायदा. त्याच कायद्याच्या कलम ११ ने झडतीचा अधिकार दिला आहे तो पोलिसांना: दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवर, आणि फारच निकड असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या लेखी हुकमावर. इंग्रजांनासुद्धा हेरगिरीच्या कायद्यात झडतीचं काम पोलिसांकडेच ठेवणं सोयीचं वाटलं होतं.

दुसरा गैरसमज असा, की नौसैनिकाला हात लावायचा तर दिल्लीची परवानगी हवी. संहितेचं कलम ४२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४५, एवढंच म्हणतं की सशस्त्र दलांतल्या माणसाने सरकारी कर्तव्य बजावताना, किंवा ते बजावतो आहे असं समजून, केलेल्या कृत्याबद्दल केंद्र सरकारच्या संमतीशिवाय त्याला अटक करू नये. कॉजवेवरच्या बारमधली मारामारी, बायकोला मारहाण, भाड्याच्या खोलीतली फसवणूक, ही सरकारी कर्तव्यं नव्हेत. आणि कर्तव्याचा मामला असला तरी हे कलम फक्त अटक थांबवतं. गुन्हा नोंदवणं, जबाब घेणं, झडती, जप्ती यांतलं काहीही ते थांबवत नाही. तरीही ‘मिलिटरीचा माणूस आहे, वरून विचारू’ म्हणून अर्ज बाजूला ठेवला जातो, तो याच कलमाच्या अर्धवट आठवणीतून.

या बाबतीत मुंबईला एक जुना दाखला आहे आणि तो बहुतेकांना चुकीच्या कारणासाठी आठवतो. २७ एप्रिल १९५९. आयएनएस मैसूरवरचे कमांडर नानावटी यांनी जहाजावरच्या साठ्यातून रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या घेतल्या आणि पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. लोकांना त्यातलं प्रेमप्रकरण, ज्युरीचा निकाल आणि वर्तमानपत्रांचा गदारोळ आठवतो. मला आठवतो तो त्या दिवसाचा पुढचा भाग. नानावटी आधी गेले ते नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे, म्हणजे नौदलाच्या स्वतःच्या पोलीसप्रमुखाकडे. त्यांनी सांगितलं, शहर पोलिसांच्या उपायुक्तांकडे जा. नानावटी गेले आणि हजर झाले. आरोपी नौदलाचा, शस्त्र नौदलाचं, पण गुन्हा मलबार हिलवरच्या एका घरात आणि मेलेला माणूस नागरिक. तेव्हा मामला पोलिसांचा, हे नौदलाच्या अधिकाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मात्र इथून पुढे गोष्ट वळण घेते. त्याच तारखेचं नौदलाच्या फ्लॅग ऑफिसरचं पत्र दंडाधिकाऱ्यांकडे गेलं: आरोपीला नौदलाच्या ताब्यात ठेवायला आम्ही तयार आहोत. आधार होता १९५७ चा नौदल अधिनियम, प्रोव्होस्ट मार्शलच्या अधिकाराचं कलम ८९. दंडाधिकाऱ्यांनी मान्य केलं आणि आरोपी नौदलाच्या कोठडीत गेला. ११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपालांनी घटनेच्या अनुच्छेद १६१ खाली शिक्षा स्थगित केली, अट एवढीच की सर्वोच्च न्यायालयातलं अपील निकाली निघेपर्यंत त्यांनी आयएनएस कुंजालीत नौदलाच्या ताब्यात राहावं. न्यायालयाने काढलेलं अटकेचं वॉरंट बजावलं न जाताच परत आलं. सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की प्रकरण आपल्यापुढे असताना त्या मुदतीपुरता राज्यपालांचा हुकूम टिकत नाही. मग नानावटी नौदलाच्या कोठडीतून साध्या तुरुंगात गेले.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा धडा नौदलाच्या विरोधात जात नाही. प्रत्येक टप्प्यावर कागद होता. कोणी, कुणाला, कोणत्या कलमाने, कोणत्या तारखेला ताबा दिला हे लिहिलेलं होतं, म्हणूनच न्यायालयाला ते तपासून चूक म्हणता आलं. कमांडरच्या वाट्याला आलेला हा कागद फाटकावर अडवलेल्या पोऱ्याच्या वाट्याला येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समजा, मोऱ्याच्या एका होडीचं इंजिन पहाटे बंद पडलं. ओहोटीचं पाणी ओढतंय, होडी वाहत नौदलाच्या जेट्टीकडे गेली. गस्तीच्या बोटीने तांडेल आणि खलाशी धरले, मासेमार ओळखपत्रं घेतली, मोबाईल काढून घेतले, आत नेऊन बसवलं. विचारपूस झाली, फोनाफोनी झाली, कुणी मोठा अधिकारी आला, पुन्हा तेच प्रश्न. संध्याकाळी पोलिसांची गाडी आली. स्टेशन डायरीत नोंद पडली: अमुक वाजता नौदलाने ताब्यात दिलं, अमुक वाजता अटक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोर्टात हजर. डायरीप्रमाणे चोवीस तास पाळले गेले. पहाटेपासून मोजलं तर नाही.

अनुच्छेद २२ म्हणतो, अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. घड्याळ कधी सुरू होतं, हा प्रश्न आमच्याच उच्च न्यायालयाने १९९० मध्ये कस्टम्सच्या एका खटल्यात सोडवलेला आहे. अटक सुरू होते ती माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं त्या क्षणी. अधिकाऱ्याने कागदावर लिहिलेल्या वेळेला नव्हे. ‘फक्त चौकशीसाठी बसवलं होतं’ हे उत्तर कस्टम्सवाल्यांचं चाललं नाही. नौदलाचं का चालावं?

आणि बसवलं तरी कुठल्या अधिकाराने? नौदल अधिनियमातले अटकेचे अधिकार मुख्यतः त्या कायद्याखाली येणाऱ्या माणसांवर चालतात. संत्र्याने नागरिकाला धरलं तर हाताशी उरतं ते संहितेचं कलम ४०, कुणाही खासगी माणसाने केलेली अटक. ती करता येते ती डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तरच (फरारी म्हणून जाहीर झालेला आरोपी असला तर गोष्ट वेगळी). नुसता आगळीक करून आत शिरणं, न्याय संहितेचं कलम ३२९, हा जामीनपात्र गुन्हा आहे. हेरगिरीचा खरा संशय असेल तर मामला वेगळा, पण वाहत आलेल्या होडीत तो कुठून आणायचा? शिवाय नव्या संहितेने कलम ४० मध्ये एक अट घातली आहे: पकडलेला माणूस सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचा. जुन्या कायद्यात ‘विनाकारण विलंब न लावता’ एवढंच होतं. मी ज्या ज्या पोलिसाला हे सहा तास विचारले त्याने ते दुकानदाराने पकडलेल्या चोराला लावून दाखवले. नौदलाच्या फाटकाला लावावेत असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

शेजारच्या माझगाव गोदीत हा गोंधळ नाही. तिथे पहारा सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. त्यांच्या १९६८ च्या कायद्यात कलम ११ विनावॉरंट अटकेचं, १२ झडतीचं, आणि १३ पकडलेल्याला पोलिसांकडे देण्याचं. जवानाला काय करता येतं आणि काय नाही, छापलेलं आहे. तिथून थोड्या अंतरावर नौदलाच्या गोदीच्या फाटकावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरचा, म्हणजे संरक्षण खात्याच्या पहारा दलाचा, तितकाच तगडा जवान उभा असतो. तो आर्मी ॲक्टखाली येतो, शिस्तीत तसूभर कमी नाही, पण नागरिकाला अटक करण्याचा तसा लिहिलेला अधिकार त्याच्या हाती नाही. भंगारात तांबं-पितळ घालून नेणाऱ्या कामगाराला दोघेही सारख्याच जोमाने अडवणार. एकाचा कागद कोर्टात टिकेल, दुसऱ्याच्या कागदावर माझ्यासारखा वकील पहिल्या तारखेलाच बोट ठेवेल. यात चोराचं फावतं, हे नौदलाने लक्षात घ्यावं. (पूर्वोत्तरात सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणाऱ्या ज्या अफस्पावर इतकी टीका होते, त्या १९५८ च्या कायद्यातसुद्धा पकडलेल्याला कमीत कमी वेळात जवळच्या पोलीस ठाण्यात द्या असं कलम ५ सांगतं. अशांत प्रदेशातल्या माणसाला कागदावर मिळालेलं संरक्षण कुलाब्याच्या माणसाला कागदावरही नसावं, हे विचित्रच.)

झडतीचं दुखणं वेगळं आहे आणि ते नव्या संहितेने वाढवलं. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं सगळं काम, वस्तूंची यादी करण्यापासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत, दृकश्राव्य साधनाने, शक्यतो मोबाईलवर, चित्रित करायचं आणि चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. पोलिसांकडे त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आलं आहे. आता हा मोबाईल घेऊन तपासी अधिकारी नौदलाच्या फाटकावर गेला की काय होतं? फोन बाहेर जमा करा. नौदलाने तळांवर, गोद्यांत आणि जहाजांवर स्मार्टफोन बंद केले ते डिसेंबर २०१९ मध्ये, आणि सबळ कारणाने केले. त्याच महिन्यात आंध्र प्रदेशच्या गुप्तवार्ता विभागाने ‘ऑपरेशन डॉल्फिन्स नोज’मध्ये नौसैनिक पकडले होते, विशाखापट्टणम, मुंबई आणि कारवार अशा तिन्ही ठिकाणचे. फेसबुकवरच्या खोट्या बायकांनी त्यांच्याकडून जहाजांच्या हालचाली काढून घेतल्या होत्या. तेव्हा फोनबंदीवर माझा आक्षेप नाही. पण एक कायदा म्हणतो चित्रण करा, आणि एक खात्यांतर्गत हुकूम म्हणतो फोन आत नको, अशा वेळी अधिकारी करतो काय? एक तर चित्रणाशिवाय पंचनामा उरकतो आणि खटला अधू होतो. नाही तर वस्तूच नौदलाकडून ‘सादर केल्या’ असं दाखवतो, म्हणजे झडती झालीच नाही.

वाट मात्र कायद्यातच आहे. कलम १०५ मध्ये मोबाईल ‘शक्यतो’ आहे, सक्तीचा नाही. प्रत्येक तळाच्या फाटकावर नेटवर्क नसलेला एक कॅमेरा कुलुपात ठेवा. झडतीच्या वेळी तो पोलिसांच्या हाती द्या. काम संपलं की मेमरी कार्ड तिथल्या तिथे लाखबंद करा, दोन्ही खात्यांच्या सह्या घ्या, पाकीट थेट दंडाधिकाऱ्याकडे. चित्रणात गोपनीय काही असेल तर गुपिते अधिनियमाच्या कलम १४ खाली सुनावणी बंद दाराआड घेता येते. गुप्ततेचा दावा जिथे करायचा तिथे, न्यायाधीशापुढे, करावा. तो फाटकावरच्या हवालदारापुढे करून उपयोग नाही, कारण तो मान्य करण्याचाही अधिकार त्या बिचाऱ्याला नाही आणि फेटाळण्याचाही.

पंचांचं तसंच. कलम १०३ ला त्या वस्तीतले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हवेत. तळाच्या आत वस्ती आहे ती नौदलाची. नौसैनिकाच्या खोलीची झडती आणि पंच त्याच्याच तुकडीचे, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न कुठला येणार हे सांगायला वकील लागत नाही. सरकारी नोकर पंच म्हणून नेण्याची चाल पोलिसांत आहेच. महसूल, पालिका, टपाल अशा खात्यांतल्या काही जणांची आधी पडताळणी करून यादी करा, पास तयार ठेवा. पहाटे तीन वाजता पंच शोधत फिरायचं आणि शेवटी कॅन्टीनवाल्याला उभं करायचं, हे दोन्ही खात्यांना शोभत नाही.

मृत्यू झाला की प्रश्न आणखी नाजूक होतो. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षकवर स्फोट होऊन १८ जण गेले. जानेवारी २०२२ मध्ये आयएनएस रणवीरवर तीन. अनैसर्गिक मृत्यूचा तपास, आता संहितेचं कलम १९४, पोलिसांनी करायचा असतो, मृतदेह असेल तिथे जाऊन, पंचांसमक्ष. ती जागा युद्धनौकेचा एखादा अरुंद कप्पा असेल तर कोण जाणार, काय पाहणार, स्फोटकांचा जाणकार कुणाचा असणार? नौदलाची चौकशी समिती स्वतंत्रपणे चालते आणि ती चालायलाच हवी; जहाजाचं यंत्र का फुटलं हे फौजदाराला कळणार नाही. पण गेलेल्या मुलाच्या आईबापांना पोलिसांचा कागद मिळण्याचा हक्क आहे, आणि तो नौदलाच्या अहवालावर अडकून राहू नये.

मग १८ डिसेंबर २०२४. गेट वेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनची चाचणी चालू होती, ताबा सुटला. लाँचवर शंभरावर माणसं. एकूण १५ मृत्यू. कुलाबा पोलिसांनी नौदलाच्या बोटीच्या चालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला, आणि तो नोंदवला हे योग्यच झालं. नौदलाने आपली चौकशीही लावली. चाचणी हे सरकारी कर्तव्य म्हणावं लागेल, तेव्हा अटकेसाठी कलम ४२ ची संमती लागणार, हेही मी मान्य करतो. अपघातात चालकाला लगेच बेड्या घालाव्यात असं माझं म्हणणं नाही. पण ते कलम पुन्हा वाचलं तर दिसतं, की संमती किती दिवसांत द्यायची किंवा नाकारायची याची मुदतच त्यात नाही. ती संसदेने घालावी हे खरं. पण पोलिसांनी प्रस्ताव कधी पाठवला, नौदलाने आपला अभिप्राय कधी दिला, दिल्लीत कागद कधी पोचला, एवढ्या तारखा मृतांच्या नातलगांना कळवायला संसद लागत नाही.

दोन्ही खात्यांना एकत्र काम जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली शस्त्रधारी माणसं पाहिल्याचं सांगितलं. उरीचा हल्ला नुकताच झालेला. नवी मुंबई पोलीस, नौदल, एटीएस, सगळे उतरले, दोन दिवस डोंगर आणि वस्ती पिंजून काढली. काही सापडलं नाही. आणि सप्टेंबर २०२५ मधला प्रकार तर ताजा आहे. नेव्ही नगरमध्ये रात्री नौदलाच्या गणवेशातला एक जण आला, पहाऱ्यावरच्या पोराला म्हणाला तुझी पाळी संपली, आणि रायफल नि काडतुसं घेऊन पसार झाला. चोरी तळाच्या आत झाली आणि मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने माणसं धरली ती तेलंगणात. त्या दिवशी ‘हद्द कुणाची’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. बंदूक गेली की हद्द आठवत नाही. कोळी सापडला की आठवते.

ठाणेदारांचाही दोष लिहायला हवा, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. नौदलाच्या वसाहतीतली एखादी बाई तक्रार घेऊन आली की तिला ‘आधी तुमच्या कमांडिंग ऑफिसरकडे जा’ म्हणणारे पोलीसच असतात. लष्करी न्यायालय आणि साधं न्यायालय यांचे अधिकार अनेक गुन्ह्यांत जोडीने चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं, आणि ते प्रकरण आपल्याच देहू रोडच्या बाजूचं: लष्कराच्या देहू वाहन डेपोतल्या मालाची चोरी. दोन न्यायालयांत निवड कशी करायची, याचे १९७८ चे नियम आहेत. दंडाधिकारी कमांडिंग ऑफिसरला नोटीस देतो, पंधरा दिवस वाट पाहतो. हे सगळं दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर व्हायचं असतं. तक्रार नोंदवणाऱ्या हवालदाराने ते पंधरा दिवस आपल्या खिशात घालून ठेवायचे नसतात.

नौदलाची बाजू मला ठाऊक आहे. पोलिसांतून बातम्या फुटतात, शिपाई जहाजापुढे सेल्फी काढतो, दहा माणसं आत आली की अकरावा कोण हे कळत नाही. भीती खरी आहे. काही देशांत यावर उपाय म्हणून संरक्षण खात्याचंच पोलीस दल ठेवतात. ब्रिटनमध्ये १९८७ च्या कायद्याने तसे पोलीस तळांवर असतात आणि त्यांना साध्या पोलिसांचेच अधिकार असतात. आपल्याकडे आणखी एक दल नको, असं माझं मत. आहेत त्यांनाच एकमेकांचे फोन नंबर पाठ होईनात.

मागणी म्हणून एवढंच: फाटकावर एक नोंदवही. कुणाही नागरिकाला अडवल्याची वेळ, अडवणाऱ्याचा हुद्दा, कारण, घरच्यांना फोन केल्याची वेळ. पोलिसांना पहिला फोन कधी, गाडी कधी आली, ताबा कधी दिला. त्या पानाची प्रत रिमांडच्या कागदांना जोडलेली. बाईची झडती असेल तर बाईनेच घ्यावी आणि ती कोणी घेतली हे त्यात लिहावं. प्रत्येक तळासाठी नौदलाचा एक आणि पोलिसांचा एक अधिकारी नेमलेला, सुट्टीवर असला तर त्याच्या जागी कोण हेही ठरलेलं. अटकेची वेळ म्हणून न्यायालयापुढे नोंदवहीतली पहिली वेळ येईल, डायरीतली नव्हे. नोंदवही मराठीत किंवा हिंदीत असावी, कारण अडवलेल्याची त्यावर सही घ्यायची आहे आणि त्याला वाचता आलं पाहिजे. याला नवा कायदा नको, अर्थसंकल्पात तरतूद नको.

अशी काही लेखी पद्धत तुमच्यात आधीच ठरलेली असेल, तर माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे ती आपणहून जाहीर करा. पहाऱ्याच्या जागा आणि पाळ्या काळ्या करून दिल्यात तरी चालेल. ठरलेली नसेल, तर ती ठरवण्याच्या बैठकीला बार असोसिएशनचा एक वकील आणि करंजा-मोऱ्याच्या मच्छीमार सोसायट्यांचा एक माणूस बोलवा. तारीख कळवलीत तर त्या दिवशीची माझी प्रकरणं मी पुढे घेईन.

आपला,
किल्ला कोर्टातला एक फौजदारी वकील